मंजिष्ठेचं लाल

मरोळच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका रंगाईच्या कारखान्यात चेतना इंगळे चौदा वर्षं कामाला होती. कापडाचा तुकडा समोर धरला की तो कुठल्या लॉटमधला आणि त्यात निळा किती जास्त पडलाय, हे ती नमुन्यांची वही न उघडता सांगायची. सुपरवायझर तिला कौतुकानं 'मीटर' म्हणायचा. पण त्याच चौदा वर्षांत तिच्या हातांची वाट लागली. आधी बोटांच्या बेचक्यांत खाज सुटायची, मग तळव्यांना भेगा पडायला लागल्या आणि शेवटी शेवटी त्या भेगांतून रक्त यायला लागलं. रबरी मोजे घातले तरी आत घाम साचून जास्तच चिघळायचं.

पालिकेच्या रुग्णालयातल्या तरुण डॉक्टरबाईंनी तिचे दोन्ही हात खिडकीच्या उजेडात धरून बराच वेळ पाहिले. मलम लिहून दिलं, घरकामाला रबरी मोज्यांच्या आत सुती मोजे घालायला सांगितले आणि शेवटी म्हणाल्या, या रंगांचं काम सोडल्याशिवाय हे थांबायचं नाही. चेतनानं पंधरा दिवस विचार केला आणि काम सोडलं.

घाटकोपरच्या घरी बसल्यावर तिला कळलं, हात चालत नसले की दिवस केवढा लांबतो. नवरा किरण विमानतळाच्या कार्गोत होता. तो सकाळी निघण्याआधी भाजी चिरून ठेवायचा. मुलगी मनाली तेव्हा बारावीला होती, ती भाकऱ्या थापून कॉलेजला जायची. कुणी एका शब्दानं कुरकुर करत नव्हतं, आणि तेच चेतनाला जड जायचं. ती दुपारी खिडकीत बसून समोरच्या बिल्डिंगवर वाळत घातलेले कपडे बघायची आणि मनातल्या मनात त्यांचे रंग जुळवत राहायची.

तीन महिन्यांनी अनुभवाचा दाखला आणायला ती कारखान्यात गेली. परतताना गेटबाहेरच्या टपरीवर चहा घेतला, पण गरम ग्लास काही हातात धरवेना. तिनं तो ओढणीच्या टोकात धरला. शेजारच्या बाकड्यावर एक साठीच्या बाई बसल्या होत्या. चेतना त्यांना चेहऱ्यानं ओळखत होती. त्या सुलक्षणा राणे. वसाहतीतले लोक त्यांना मुळीवाल्या बाई म्हणत.

सुलक्षणाताई मूळच्या कणकवलीकडच्या. त्यांचे वडील परळच्या गिरणीत रंगखात्यात होते. त्या स्वतः अंधेरीच्या एका स्टुडिओत कपडेपटात तीस वर्षं राबल्या आणि निवृत्त झाल्यावर मरोळमध्ये अर्धा गाळा भाड्यानं घेऊन साड्या, ओढण्या, पंचे रंगवायला लागल्या. तेही कारखान्यातल्या रंगांनी नाही, झाडपाल्याच्या. सगळ्यात जास्त मंजिष्ठेच्या मुळांनी. काष्ठौषधींच्या दुकानातून त्या ही मुळं पोत्यानं आणायच्या. वरून दिसायला वाळल्या काटक्या, पण मोडली की आत तांबूस.

"हात दाखव बघू," सुलक्षणाताई म्हणाल्या.

चेतनानं दाखवले. त्यांनी हात न लावता पाहिले आणि थेट विचारलं, कामाला येशील का?

"ताई, या हातांनी?"

"हात माझे आहेत की धडधाकट. माका तुझे डोळे हवेत गो."

मग त्यांनी सांगितलं. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरत होता. सगळ्यावर हळद फिरवल्यासारखं दिसायचं. ऑपरेशनची भीती वाटत होती, म्हणून त्या वर्षभर चालढकल करत होत्या. पण रंगाच्या धंद्यात डोळ्यांचं असं असून चालत नाही. 'मीटर'ची कीर्ती त्यांच्या कानावर गेली होती. मुळं उकळायला, कापड पिळायला त्या होत्या. चेतनानं फक्त बघायचं आणि सांगायचं.

चेतना दुसऱ्या दिवसापासून जायला लागली.

गाळ्यात पहिल्या आठवड्यातच हातांचा विषय निघाला. सुलक्षणाताईंच्या आजीकडे मंजिष्ठेचा काढा गार करून जखमा धुवायची पद्धत होती, आणि खोबरेल तेलात ही मुळं मंद आचेवर उकळून ते तेल भेगांना लावायचे. त्यांनी तसलं तेल एका बाटलीत भरून चेतनापुढे ठेवलं.

चेतनानं बाटली घेतली नाही. तिला वाईट दिसेल हे कळत होतं, पण ती बोलली. ती तीन वर्षांची असताना तिच्या पाठच्या भावाला कावीळ झाली होती. मेहकरजवळच्या त्यांच्या गावात एक माणूस मुळीचा रस द्यायचा. बाळाला चार दिवस तो रस पाजला, दवाखान्यात न्यायला उशीर झाला आणि ते गेलं. तेव्हापासून तिच्या आईनं, रत्नप्रभाबाईंनी, घरात औषध म्हणून कसलंही मूळ येऊ दिलं नव्हतं. ताप आला की डॉक्टर, खोकला झाला की डॉक्टर. चेतनाही त्याच रीतीनं वाढली होती.

सुलक्षणाताईंनी सगळं ऐकून घेतलं. चेतनाला वाटलं, आता यांना राग आला. पण त्या म्हणाल्या, "बरोबर केलं तुझ्या आईनं. ही बाटली घे आणि तुझ्या डॉक्टरबाईंना दाखव. त्या हो म्हणाल्या तर लाव, केसांना मात्र लावू नकोस, लाल होतील. नको म्हणाल्या तर मला परत आणून दे."

डॉक्टरबाईंनी बाटली उघडून वास घेतला, काय काय घातलंय ते विचारलं. म्हणाल्या, आधी कोपराच्या आतल्या बाजूला थोडं लावून दोन दिवस बघा. काही उठलं नाही तर रात्री झोपताना लावा, पण माझं मलम बंद करायचं नाही.

काही उठलं नाही. चेतना सकाळी मलम लावायची, रात्री तेल. गाळ्यात दुपारी सुलक्षणाताई एका परातीत गार काढा काढून ठेवायच्या आणि ती त्यात दहा मिनिटं हात बुडवून बसायची. दोन महिन्यांनी रक्त थांबलं. चार महिन्यांनी भेगा भरल्या. पाचव्या महिन्यात एका रविवारी मनाली उठायच्या आधी चेतनानं परातीत पीठ घेतलं आणि भाकऱ्या केल्या. मनाली स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली. पाटीतली पहिली भाकरी उचलून तिनं ती तशीच कोरडी खाल्ली.

कशानं बरं झालं, हे सांगणं कठीण होतं. डॉक्टरबाईंच्या मते कारखाना सुटला आणि मलम नेमानं लावलं म्हणून. सुलक्षणाताई तर श्रेय घ्यायलाच तयार नव्हत्या. चेतनानं ठरवलं, आपण दोघींचे आभार मानायचे. डॉक्टरबाईंचे तिनं मानले, पण त्याच महिन्यात त्यांची बदली झाली. राहिल्या सुलक्षणाताई. त्यांच्यासाठी काय करू आणि काय नको, असं तिला होऊन गेलं. ती लवकर यायची, गाळा झाडायची, आता मोजे घालून कापडही पिळायला लागली. हळूहळू सगळं काम शिकली. आधी कापड हिरड्याच्या पाण्यात, मग वाळवून तुरटीच्या पाण्यात, परत वाळवायचं, मग रात्रभर भिजलेल्या मुळांबरोबर मंद आचेवर. पाण्याला उकळी फुटू द्यायची नाही. बोट बुडवून चटकन काढावंसं वाटेल इतकीच ऊब.

एक गोष्ट मात्र ती बोलली नाही.

सुलक्षणाताई प्रत्येक साडीला पुठ्ठ्याची छोटी चिठ्ठी बांधायच्या. त्यावर त्यांच्या ठसठशीत अक्षरात लिहिलेलं असायचं, 'मंजिष्ठ लाल'. आणि साडी लाल नसायची. वीटकरी असायची, थोडी नारिंगीकडे झुकलेली. चेतनाच्या हे पहिल्याच दिवशी लक्षात आलं होतं. रंग वाईट नव्हता. लोक आवडीनं घेत होते. पण सुलक्षणाताई पिळलेलं कापड झटकून तिच्यापुढे धरायच्या आणि विचारायच्या, "कसा आलाय?" चेतना म्हणायची, "छान आलाय, ताई." ज्या बाईनं आपल्याला हात परत दिले, तिला तुमचं लाल लाल नाही, हे कोणत्या तोंडानं सांगायचं?

असं आठ महिने चाललं. मग मुलाच्या हट्टानं सुलक्षणाताईंनी आधी एका डोळ्याचं आणि महिन्याभरानं दुसऱ्याचं ऑपरेशन करून घेतलं. विश्रांती संपवून त्या गाळ्यात आल्या तेव्हा आधी दारात उभं राहून त्यांनी आकाशाकडे पाहिलं. म्हणाल्या, निळं एवढं निळं असतं हे मी विसरलेच होते. मग त्या आत आल्या आणि मांडणीवरच्या साड्यांपुढे थांबल्या. एक साडी काढली, दारापाशी उजेडात नेली. दुसरी काढली. तिसरी काढली. चेतना पाणी भरत होती. तिनं नळ बंद केला.

"हे लाल नाही," सुलक्षणाताई म्हणाल्या. "तुला दिसत होतं?"

"हो."

"पहिल्यापासून?"

"पहिल्या दिवसापासून."

सुलक्षणाताईंचा आवाज चढला नाही. चढला असता तर चेतनाला बरं वाटलं असतं. त्या स्टुलावर बसल्या, साडीची घडी नीट केली आणि म्हणाल्या, "मी तुला डोळ्यांसाठीच बोलावलं होतं ना गं. बाकी काय मागितलं होतं तुझ्याकडे?"

चेतना रडवेली झाली. तुम्ही एवढं केलंत, तुमचं मन कसं मोडू, असं काहीतरी ती बोलली. सुलक्षणाताई म्हणाल्या, माझं मन मोडलं असतं तर मी चार दिवस रुसले असते आणि पाचव्या दिवशी रंग सुधारायला घेतला असता. आता आठ महिने मी लोकांना लाल म्हणून वीटकरी दिलं. एवढं बोलून त्या कामाला लागल्या. दिवसभर चहासुद्धा दोघींनी वेगवेगळा घेतला.

पुढचे तीन आठवडे दोघी त्या लालच्या मागे होत्या. मुळं दुप्पट घातली. दुसऱ्या दुकानातून आणली. तुरटी वाढवली, हिरडा कमी केला, अॅल्युमिनियमचं पातेलं टाकून स्टीलचं घेतलं. रंग गडद झाला, पण नारिंगी काही हटेना. सुलक्षणाताई चेतनाशी आता नीट बोलत होत्या, पण 'कसा आलाय' हे विचारणं त्यांनी सोडलं होतं. स्वतःच बघायच्या.

वैशाखात चेतनाच्या मामेभावाचं लग्न होतं. ती चार दिवसांसाठी माहेरच्या गावी गेली. निघताना तिनं पिशवीत मूठभर मुळं आणि हिरडा-तुरटी लावून वाळवलेला मांजरपाटाचा तुकडा टाकला. तिथं करण्यासारखं काय आहे हे तिलाही माहीत नव्हतं, पण डोक्यातून विषय जात नव्हता.

लग्नाच्या दुसऱ्या दिवशी घर रिकामं झाल्यावर तिनं अंगणातल्या चुलीवर पातेलं ठेवलं. बोअरचं पाणी घेतलं. आई, रत्नप्रभाबाई, बाहेर आल्या, त्यांनी पातेल्यात डोकावलं आणि त्या जागीच थांबल्या.

"माझ्या घरात मुळ्या कशाला उकळतेस?"

चेतनानं सांगितलं की हे प्यायचं नाही, हा रंग आहे. आणि मग, आजवर फोनवर जे टाळलं होतं तेही सांगितलं. मलमाचं, तेलाचं, काढ्याचं. डॉक्टरांना विचारून मगच लावलं, हेही. रत्नप्रभाबाई तिच्याजवळ उकिडव्या बसल्या. त्यांनी लेकीचे दोन्ही हात घेतले, उलटे केले, सुलटे केले, बोटांच्या बेचक्यांतून आपला अंगठा फिरवला. दीड वर्षापूर्वी दिवाळीत याच हातांना फडकी गुंडाळलेली त्यांनी पाहिली होती.

"विचारून केलंस ना," त्या म्हणाल्या. "आम्हाला तेव्हा विचारायला कोणी नव्हतं."

मग त्या उठल्या आणि चेतनाला चुलीपाशी बसवून त्यांनी स्वतः आणखी एक बादली ओढून आणली. त्या बोअरच्या पाण्याला त्या जन्मभर नावं ठेवत आल्या होत्या. त्यात डाळ शिजत नव्हती, साबणाला फेस यायचा नाही, भांड्यांवर पांढरा थर चढायचा. आज त्याच पाण्याची बादली त्यांनी लेकीच्या पातेल्याजवळ ठेवली.

दोन तासांनी चेतनानं काडीनं तुकडा वर काढला आणि झटकला. ती उभी राहिली. उन्हात नेऊन पाहिला, सावलीत नेऊन पाहिला. चौदा वर्षं रंग जुळवलेले तिचे डोळे तिला फसवत नव्हते. नारिंगीचा मागमूस नव्हता. पिकलेल्या करवंदाच्या आत असतं तसलं लाल होतं ते.

तिनं लगेच मनालीला फोन लावला. मुळं तीच, कापड तेच, तुरटी तीच, मग बदललं काय? मनाली आता रसायनशास्त्राच्या पहिल्या वर्षाला होती. ती म्हणाली, आई, पाणी. मुंबईचं तलावाचं पाणी हलकं, तुमच्या गावचं जड. त्यात चुना आहे, कॅल्शियम.

मुंबईला परत येताच चेतना सकाळी आठला गाळ्यात हजर झाली. तुकडा तिनं पिशवीतच ठेवला. सुलक्षणाताईंना म्हणाली, ताई, आज एक करून बघू या, आणि आधी काही विचारू नका. वसाहतीत बोअरवेल होती. तिचं पाणी फक्त संडासाच्या टाक्यांना आणि गाड्या धुवायला जायचं. संडासांच्या मागच्या भिंतीवर तिचा पांढरा थर चढलेला एक नळ होता आणि त्याच्या वर लिहिलेलं होतं, 'हे पाणी पिण्यास अयोग्य'. चेतनानं तिथून दोन बादल्या भरून आणल्या. वॉचमन बघत राहिला.

दोन पातेली शेजारी शेजारी ठेवली. एकात पालिकेचं पाणी, दुसऱ्यात त्या नळाचं. मुळं तोलून सारखी घातली, कापडाचे तुकडे एकाच ताग्यातले. दुपारी बारापर्यंत दोघी आच कमीजास्त करत बसल्या होत्या.

पहिलं पातेलं वीटकरी आलं. दुसऱ्यातला तुकडा सुलक्षणाताईंनी स्वतः काढला. पिळला, झटकला आणि दोन्ही हातांनी धरून त्या दारात गेल्या. डोक्यावरून एक विमान उतरत होतं, त्याच्या आवाजात काही ऐकू येत नव्हतं. ते गेल्यावर चेतनाला कळलं की त्या रडतायत.

"बाबा सांगायचे," त्या म्हणाल्या, "रंगखात्यात पाण्याचा एक वेगळा माणूस असायचा. रोज सकाळी येऊन पाणी तपासायचा, मग काम सुरू व्हायचं. आम्ही पोरं हसायचो, पाण्यात काय तपासायचं म्हणून. मी कधी विचारलंच नाही तो नेमकं काय करतो."

चेतनानं तेव्हा गावचा तुकडा पिशवीतून काढून त्यांच्या हातात दिला. आईच्या अंगणातलं सगळं सांगितलं. आणि मग इतके दिवस जे राहून गेलं होतं तेही बोलली. "ताई, माझं चुकलं. तुम्ही माझ्यासाठी केलंत, त्याची परतफेड म्हणून मी तुम्हाला बरं वाटेल ते सांगत राहिले."

"मी काय केलं?" सुलक्षणाताई डोळे पुसत म्हणाल्या. "एक तेलाची बाटली दिली. ती तू तपासून घेतलीस, ते बरं केलंस. मी तुझा शब्द तपासून घेतला नाही, एवढंच." मग थोड्या वेळानं त्या म्हणाल्या, "हे लाल माझ्या एकटीच्या हातून जन्मात आलं नसतं. तू आलीस म्हणून. देव तुझं भलं करो, असं म्हणणार होते, पण तुम्ही बुद्धाला मानणारे, तुमच्यात देव चालत नाही ना."

"भलं चालतं, ताई," चेतना म्हणाली. त्या दिवशी चहा दोघींनी एकत्र घेतला.

पुढच्या आठवड्यात सुलक्षणाताईंनी जुनी वही काढून ज्यांना ज्यांना 'लाल' म्हणून साडी दिली होती त्या सगळ्या गिऱ्हाइकांना फोन केले. झालं ते सांगितलं आणि साडी बदलून देते म्हणाल्या. अठ्ठावीस जणींपैकी तिघींनी बदलून घेतली. बाकीच्यांना आहे तोच रंग हवा होता. बोरिवलीच्या एका बाईंनी तर सांगितलं की लाल मला शोभत नाही, मी ती वीटकरी म्हणूनच घेतली होती, चिठ्ठी वाचलीच नव्हती. हे ऐकून सुलक्षणाताई फोन ठेवल्यावर किती तरी वेळ हसत होत्या.

आता गाळ्यात दोन रंग होतात. नळाच्या पाण्याचा वीटकरी आणि बोअरच्या पाण्याचा लाल. वसाहतीच्या सेक्रेटरींना एक लाल पंचा दाखवून दोघींनी बोअरच्या नळाला पाइप जोडायची परवानगी मिळवली, त्यामुळे बादल्या वाहायचं काम सुटलं. रत्नप्रभाबाईंना चेतनानं साडी पाठवली. गावात कुणी रंगाचं विचारलं की त्या आपल्या बोअरकडे बोट दाखवतात.

शुक्रवारी माल वाळवायला गच्चीवर जातो. सुलक्षणाताई दोरीवरची साडी सरळ करतात, दोन पावलं मागे येतात आणि विचारतात, "कसा आलाय?" त्यांना आता स्वतःला सगळं स्वच्छ दिसतं, तरी विचारतात.

"पदराकडे जरा फिका आहे, ताई. आच मध्ये कमी झाली."

सुलक्षणाताई मान डोलावतात, साडी उतरवून परत बादलीत टाकतात आणि दोघी खाली जाऊन पुन्हा पातेलं चढवतात.